काका म्हणाले, "आधी गाऱ्हाणं, मग इंजेक्शन." तुम्ही असतात तर काय केलं असतंत?

सुरंगी | ९ जुलै, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. मी कोकणातल्या एका लहान सरकारी रुग्णालयात सहा वर्षं स्टाफ नर्स आहे. तीन दिवस एक गोष्ट मनातून जात नाहीये, म्हणून इथे मांडते.

गेल्या आठवड्यात रात्री दीडच्या सुमाराला एका तरुण मुलाला घेऊन त्याची आई आणि काका आले. मुलगा बोटीवर खलाशी, सध्या मासेमारी बंद म्हणून घरी. पाच रात्री डोळ्याला डोळा नाही. एकसारखा बोलतोय, मध्येच रडतोय, भर पावसात दोनदा जेटीवर जाऊन उभा राहिला. आईच्या हाताला ओरखडे होते, त्याला धरून ठेवताना आलेले. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी जिल्ह्याच्या मानसोपचारतज्ज्ञांशी फोनवर बोलून दाखल करायचं आणि झोपेसाठी इंजेक्शन द्यायचं ठरवलं. मी सिरिंज भरली, आणि काका दारात आडवे उभे राहिले. "आधी देवळात गाऱ्हाणां घालूया, कौल घेऊया. देवान सांगल्यान तर मगे काय ता तुमचा इंजेक्शन."

मी थकलेले होते हे कारण झालं, सबब नाही. मी म्हणाले, "अहो, ही अंधश्रद्धा आहे. मुलगा आजारी आहे, कळत कसं नाही तुम्हाला?" काका काही बोलले नाहीत. मुलाचा हात धरला आणि निघून गेले. आई मागे वळून बघत गेली. तिसऱ्या दिवशी ते परत आले तेव्हा मुलगा पार सुकला होता, ओठ फुटलेले, पायाला जखम. आता तो वॉर्डात आहे.

परीक्षेत "रुग्णाच्या सांस्कृतिक श्रद्धांचा आदर" यावर मी दोन पानं लिहिली होती, मार्कही चांगले मिळाले होते. रात्री दीड वाजता त्यातलं एक वाक्य कामी आलं नाही. आदर करायचा म्हणजे त्यांना जाऊ द्यायचं? की अडवायचं? तुम्ही काय केलं असतंत?

(ओळख पटू नये म्हणून बरेच तपशील बदलले आहेत.)

खाडीकाठ | ९ जुलै, रात्री ११:५२

ताई, तुम्ही बोललात त्यात तत्त्वाची चूक शून्य. तीन दिवस वाया गेले ते त्या काकांमुळे. श्रद्धेचा आदर करत बसलो की काय होतं ते देशाने बघितलंय. ६ ऑगस्ट २००१, तमिळनाडूतलं एरवाडी. दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका आश्रमाला पहाटे आग लागली आणि साखळीने बांधलेली २८ माणसं जळून मेली. त्यांच्या घरच्यांनीही "आधी देव, मग दवा" असंच म्हटलं असणार.

महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. हे काकांना तिथल्या तिथे सांगायला हवं होतं.

चाकरमानी_दादर | १० जुलै, सकाळी ६:१५

गाऱ्हाणं आणि साखळी एकाच दोरीत नका हो बांधू. आमच्याकडे मुंबईला गाडी सुटायच्या आधीपण गाऱ्हाणं घालतात.

खाडीकाठ | १० जुलै, सकाळी ८:०२

@चाकरमानी, गाडी सुटायला गाऱ्हाण्याने उशीर झाला तर गाडी चुकते. इथे मुलगा समुद्रात गेला असता.

रातांबा | १० जुलै, दुपारी २:३०

सुरंगी, बाय, मी मनोरुग्ण विभागात ३१ वर्षं ब्रदर म्हणून काम करून निवृत्त झालो. तुझ्यासारखं मीही बोललोय. एकदा नाही, बऱ्याचदा. म्हणून जरा लांबवर लिहितो.

कौल आणि इंजेक्शन यातलं एकच होऊ शकतं हे ठरवलं कोणी? काकांनी ठरवलं, आणि "अंधश्रद्धा" म्हणून तूही त्याच क्षणी तेच मान्य केलंस. मी पुढे पुढे असं म्हणायला लागलो, "काका, गाऱ्हाणं घालाच. पण पाच रात्री न झोपलेल्या पोराला एवढ्या पावसात देवळापर्यंत नेणार कसा? तुम्ही जा, मी ह्याच्याजवळ बसतो. इंजेक्शनाने झोपेल, उद्या तुमचा प्रसाद आला की उशाशी ठेवू." दहातले सातआठ जण ऐकायचे. उरलेले निघून जायचेच, खोटं कशाला सांगू.

मॅडेलिन लायनिंगर नावाच्या बाईंनी संस्कृती आणि शुश्रूषा यावर आयुष्यभर काम केलं. पुस्तकात त्यांची मांडणी जड वाटते, पण मला ती वॉर्डात रोज लागली. रुग्णाच्या रीतीतलं जे त्याला बळ देतं किंवा निदान अपाय करत नाही, ते जपायचं. जे उपचाराच्या आड येतं पण वळवता येतं, त्यावर बोलून मधली वाट काढायची. आणि जे घातक आहे ते बदलायला लावायचं, तेही त्याला सोबत घेऊन. अंगारा कपाळाला लावला, ते जपायचं. गोळी कौलानंतर घेतो म्हणाला, ती मधली वाट. मिरचीची धुरी देणं, चटके देणं, उपाशी ठेवणं, हे थांबवायचंच, आणि तिथे मी खाडीकाठ यांच्या बाजूने उभा आहे. बोलणी करताना मोजायचं काय, तर वेळ आणि धोका. जेटीवर दोनदा गेलेल्या पोराच्या बाबतीत तीन दिवस थांबणं मान्य करता येत नाही. पण तीन तास आले असते.

आणखी एक. इंजेक्शन देण्याआधी घरच्यांना काय सांगतेस? हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने कधी कधी काही तासांत मान वाकडी होते, डोळे वर फिरतात, जबडा आवळतो. आपल्याला ठाऊक आहे की तो दुष्परिणाम आहे आणि प्रोमेथाझिन वगैरे दिलं की सुटतो. काकांना काय दिसतं? ज्याच्यासाठी कौल लावणार होतो तो आता खरंच अंगात आला! माझ्या सुरुवातीच्या काळात असा एक पेशंट रातोरात पळवून नेला होता. तेव्हापासून आधी सांगायचो, "मान आखडली तर भिऊ नका, मला हाक मारा, त्याचं औषध माझ्याकडे आहे." त्या एका वाक्याने किती भुतं पळाली सांगू!

तिसरं_वर्ष | १० जुलै, दुपारी ४:११

रातांबा सर, हे मी वहीत लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात आमचं सायकचं (मनोरुग्ण विभागातलं) पोस्टिंग आहे आणि आत्ताच भीती वाटतेय. पेशंट म्हणाला की मला आवाज ऐकू येतात, तर काय उत्तर द्यायचं? हो म्हणायचं की नाही?

विदर्भाची_लेक | १० जुलै, संध्याकाळी ७:४०

@तिसरं_वर्ष, हो पण नाही आणि नाही पण नाही. "मला तो आवाज येत नाहीये, पण तुम्हाला येतो आणि त्याने तुम्ही घाबरलात हे मला दिसतंय." एवढंच, आणि जवळ बसायचं. वाद घातला की तो आवाजाच्या बाजूने भांडतो. मान डोलावली की त्याची भीती खरी ठरते. आणि तो आवाज काय करायला सांगतो, हे विचारायला विसरू नकोस. स्वतःला किंवा दुसऱ्याला मार म्हणत असेल तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का, हेही सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो.

सुरंगी, मी वर्ध्याकडची, नोकरीला इकडे. पहिलं वर्ष माझं भाषेतच गेलं. एक आजी रोज म्हणायच्या, "माका कसासाच होता." मी नोंद केली, "रुग्ण अस्पष्ट तक्रार करते." इथल्या मावशींनी समजावलं की बाई, त्या "कसंसंच" मध्ये धडधड, घशात दाटून येणं, उमेद नसणं, सगळं आलं. इथे "मी उदास आहे" असं म्हणणारा माणूस मला क्वचितच भेटला. छातीत धडधडतं, अंगाला मुंग्या येतात, डोक्यात गरम होतं, जेवण उतरत नाही. ते ऐकून आपण फक्त ईसीजी काढला तर आजी आपल्यासमोर बसूनही सापडत नाही.

आणि ते तू-तुम्ही! मी आदराने आज्यांना "तुम्ही जेवलात का" विचारायचे आणि त्या अंग चोरून बसायच्या. मालवणीत आईला, आजीला, देवालासुद्धा "तू" म्हणतात. "आजये, जेवलंस?" म्हटलं त्या दिवशी पहिल्यांदा ताट रिकामं झालं. पण निवृत्त मास्तरांना "तू" म्हणाले तर ते चिडले, आणि बरोबरच चिडले. म्हणजे यालाही एकच नियम नाही. विचारावं, "तुम्हाला काय हाक मारू?"

चाकरमानी_दादर | १० जुलै, रात्री ९:०५

"आजये जेवलंस" वाचून आजीची आठवण आली. आज घरी फोन करतो.

माडाची_झावळ | १० जुलै, रात्री ९:३३

जेवणावरून आठवलं. माझे मामा दाखल होते तेव्हा त्यांच्या कागदावर "जेवण नाकारतो" अशी नोंद सलग आली होती. मामी भेटायला गेली तेव्हा उलगडा झाला. त्या दिवशी सोमवार होता आणि ताटात अंडं होतं, दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. मामा चाळीस वर्षं सोमवार पाळतात. एरवी त्यांना बांगड्याशिवाय जेवण जात नाही, पण सोमवारी नाही म्हणजे नाही. कोणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, ते बोलत होते की!

बाणकोटची_खाडी | १० जुलै, रात्री ११:१०

जेवण आणि उपास निघालाच आहे तर हे इथे लिहून ठेवते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

माझा भाऊ लिथियमवर (मनाच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) आहे, आठ वर्षं झाली. पहिल्या रमजानला त्याने रोजे धरले आणि आम्ही कोणालाच विचारलं नाही. डॉक्टर "नाही" म्हणतील ही भीती होती, आणि घरात अम्मीला वाटत होतं की रोजे धरले तर बरकत येईल. उन्हाळा, दिवसभर पाणी नाही, त्यात तो आंब्याच्या बागेत कामाला. बाराव्या दिवशी हात थरथरायला लागले, उलट्या, तोल जायला लागला. लिथियम रक्तात वाढलं होतं. हे औषध असं आहे की अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की ते रक्तात साठतं. डोकं दुखलं म्हणून आपल्या मनाने ब्रुफेनसारखी गोळी घेतली तरी वाढतं.

तिथल्या सिस्टरने आम्हाला एका शब्दाने दुखावलं नाही. तिने भावालाच विचारलं, "रोजा तुमच्यासाठी काय आहे?" तो म्हणाला, "सगळे धरतात तेव्हा मी एकटा जेवतो, तेव्हा मला सगळ्यात जास्त आजारी वाटतं." मग तिनेच सुचवलं की इमामसाहेबांशी बोला. ते म्हणाले की आजारी माणसाला सूट आहे, ती अल्लाहनेच दिली आहे, ती न घेणं हा काही मोठेपणा नाही. आता तो रोजे धरत नाही, पण इफ्तारीची पंगत वाढायची जबाबदारी त्याची आहे. ज्यांना रोजे धरायचेच आहेत त्यांनी निदान महिनाभर आधी डॉक्टरांना सांगावं. रक्ताची पातळी तपासून, वेळा बदलून काही जणांचं जमतं, काहींचं नाही. स्वतःच्या मनाने गोळी बंद मात्र करू नका.

रातांबा | ११ जुलै, सकाळी ७:२०

बाणकोटची_खाडी, त्या सिस्टरला माझा नमस्कार सांगा. तिने जे विचारलं ना, "तुमच्यासाठी काय आहे", सगळं शिक्षण त्या तीन शब्दांत आलं.

खाडीकाठ | ११ जुलै, सकाळी १०:४५

रोजा-सोमवार ठीक आहे, त्याला माझा विरोध नाही. पण अंगात येणं, बाधा, देवचार (गावचा राखणदार) याचं काय? नर्सने तेही "तुमच्यासाठी काय आहे" म्हणून ऐकून घ्यायचं? अंगात येणं हा आजारच आहे.

सुरंगी | ११ जुलै, दुपारी १:१५

खाडीकाठ, यावर मी बोलू शकते, कारण या मुलाच्या आईने मला शिकवलं. दुसऱ्यांदा आले तेव्हा मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "आये, तुका काय वाटता, ह्या काय झालां?" ती म्हणाली (इथे अंगात येण्याला वारं म्हणतात), "पयला माका वाटलां वारा आसात. पन वाऱ्याक येळकाळ आसता. शिमग्याक येता, ढोल वाजलो की येता, मगे जाता. ह्येका रात नाय नि दिस नाय."

सांगा, यापेक्षा चांगला इतिहास कोण देणार? आपण पुस्तकात तेच शिकतो. त्या समाजात ते कधी, कुठे, किती वेळ चालतं, आणि या माणसाचं त्याच्याबाहेर गेलंय का? झोप, जेवण, काम मोडलंय का, त्याला त्रास होतोय का? शिमग्यात अर्धा तास वारं येऊन दुसऱ्या दिवशी कामाला जाणाऱ्या माणसाला मी पेशंट म्हणणार नाही.

आणि तिने हे पहिल्या रात्रीच सांगितलं असतं. मी विचारलंच नाही, काकांशी वाद घालत राहिले.

खाडीकाठ | ११ जुलै, दुपारी १:५०

आईचं म्हणणं पटलं. "अंगात येणं हा आजारच आहे" हे माझं वाक्य मागे घेतो. चटके आणि साखळीबद्दलचं एकही अक्षर मागे घेत नाही.

काळा_कोट | ११ जुलै, संध्याकाळी ६:३०

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण इथे कोणीच मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ काढला नाही.

सुरंगीताई, त्या रात्री बोलत होते काका. पण आई तिथेच होती ना? रुग्णाच्या वतीने कोणाला विचारायचं? त्याने स्वतः साध्या कागदावर सही-अंगठा करून कोणाला नामनिर्देशित प्रतिनिधी केलं असेल तर ती व्यक्ती. नसेल तर नातेवाईक आणि प्रत्यक्ष काळजी घेणारी माणसं. घरात मोठ्या आवाजात बोलणारा पुरुष म्हणजे प्रतिनिधी, असं कायदा कुठेही म्हणत नाही. दुसरं, कलम ९४. जिवाला धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर जास्तीत जास्त ७२ तास तातडीचे उपचार देऊ शकतो, प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीने. त्यात ईसीटी (विजेचे झटके देऊन करायचा उपचार) बसत नाही. आईला विचारलं असतं आणि ती हो म्हणाली असती तर डॉक्टरांना वाट होती.

खाडीकाठ, साखळीबद्दल: याच कायद्याने कोणत्याही स्वरूपात साखळीने बांधणं बंद आहे. रुग्णालयात हातपाय बांधायचे तर केवळ समोर दिसणारा धोका टाळायला, दुसरा उपाय नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि लागेल तेवढाच वेळ. शिक्षा म्हणून नाही, आणि स्टाफ कमी आहे म्हणूनही नाही. सक्तीने डोकं भादरायचं नाही. स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे. आणि २०१७ च्या या कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं, त्याला गुन्हेगार म्हणून वागवायचं नाही.

विदर्भाची_लेक | ११ जुलै, रात्री ८:१०

"स्टाफ कमी आहे म्हणूनही नाही." वकीलसाहेब, हे वाक्य बरोबर आहे आणि तरी पोटात खड्डा पडला. रात्री एक नर्स, एक मावशी आणि भरलेला वॉर्ड असतो तेव्हा शांतपणे चार शब्द बोलायला लागणारी वीस मिनिटं कुठून आणायची? कायदा आमच्याकडून जे मागतो ते द्यायची आमची इच्छा आहे, हे खरोखर सांगते. माणसं द्या.

माडाची_झावळ | ११ जुलै, रात्री ८:३२

+१. मामांच्या सिस्टरवर मी रागावले होते, पण ती सलग दुसरी पाळी करत होती हे नंतर कळलं.

रातांबा | १२ जुलै, सकाळी ६:५०

कपड्यांवरून मंगळसूत्राचं सांगतो. ईसीटीआधी अंगावरचे दागिने उतरवायचे असतात, तीव्र नैराश्यात गळ्यातला दोराही धोक्याचा. आम्ही पूर्वी सरळ काढून पाकिटात टाकायचो. एका बाईने त्या दिवसापासून बोलणंच सोडलं. आम्ही लिहिलं, "आजार बळावला." तिच्या बहिणीने सांगितलं, "नवरो दर्यात गेलोसा. तुमी गळ्यातला काढल्यात, तेका वाटला तो गेलो नि कोणी सांगणत नाय."

मी तिथेच खाली बसलो. नंतर रीत बदलली. बाईला आधी कारण सांगायचं, तिच्या माणसासमोर तिने स्वतःच्या हाताने उतरवायचं, स्वतःच्या रुमालात बांधायचं, आई किंवा बहिणीच्या हातात द्यायचं, आणि परत कधी घालायचं हेही सांगायचं. सुरक्षिततेत काडीचा फरक पडला नाही. पाच मिनिटं जास्त लागली.

हिल्डेगार्ड पेपलाउ यांनी १९५२ मध्ये मांडलं की नर्स आणि रुग्ण यांच्यातलं नातं हाच शुश्रूषेचा गाभा. त्या बाईशी आमचं नातं आम्हीच त्या पाकिटात टाकलं होतं. ते जुळायला महिना गेला.

भरती_ओहोटी | १२ जुलै, दुपारी १२:०५

मी इथे चार वर्षं फक्त वाचतो. आज पहिल्यांदा लिहितोय.

मला बायपोलर (मन कधी फार चढतं, कधी फार खचतं, तो आजार) आहे, निदानाला अकरा वर्षं झाली. गाव कोकणातलं. मलाही एका रात्री असंच नेलं होतं. आई, मामा, डॉक्टर, सिस्टर, गावातला भगत, सगळ्यांनी माझ्याबद्दल चर्चा केली. मामांची श्रद्धा काय, आईची तयारी आहे का, डॉक्टरांचं मत काय. मी खोलीतच होतो. खूप बोलत होतो म्हणून कोणी ऐकत नव्हतं. पण त्या बोलण्यात मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होतो की दिवा बंद करा, डोळ्यांना त्रास होतोय. दिवा सकाळपर्यंत चालू होता.

हा पूर्ण धागा वाचला. माणसं चांगली आहेत, कळकळीने लिहिताय. पण काकांची श्रद्धा, आईचं निरीक्षण, कायद्यातला प्रतिनिधी, सगळं झालं. सुरंगीताई, त्या मुलाला काय वाटतं? त्याला कौल हवा होता का? त्याची स्वतःची श्रद्धा काकांचीच असेल असं आपण सगळ्यांनी धरून चाललोय. मी पंचविशीत देव मानत नव्हतो, माझ्या नावाने कोंबडं कापलं तेव्हा मला कोणी विचारलं नाही. आता मानतो, आणि आता सगळे सांगतात की हे सोड, तुझ्या आजाराला बरं नाही.

आणि इथे त्याची हकीकत लिहिली आहे, तीही त्याला न विचारता. तपशील बदलले तरी आपल्याकडे जेटी म्हटली की बोट कळते आणि बोट कळली की घर.

सुरंगी | १२ जुलै, रात्री १०:४८

भरती_ओहोटी, तुमचं दोनदा वाचलं. तुमचं खरं आहे. नाही विचारलं, ना तेव्हा, ना हे लिहिताना. ॲडमिन, धागा तात्पुरता बंद ठेवता येईल का? मी त्याच्याशी बोलून मगच सांगते.

ॲडमिन | १२ जुलै, रात्री ११:३०

धागा प्रतिसादांसाठी थांबवत आहे. या काळात कोणाला स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी तातडीने बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात.

सुरंगी | १७ जुलै, रात्री ९:१५

ॲडमिननी माझ्या विनंतीवरून धागा पुन्हा उघडला आहे. त्याला विचारूनच लिहितेय. मोबाइलवर पहिली पोस्ट दाखवली, त्याने ती पूर्ण वाचली आणि म्हणाला, "ऱ्हवांदे. बोटीचा नाव घालू नको." बरेच तपशील बदललेले होते ते त्याला आवडलं, एकदा हसलासुद्धा.

आता रात्री झोपतोय. दुपारच्या चहाला मी त्याच्याजवळ बसले. आधी दोन दिवस तो फक्त "हां" आणि "नाय" एवढंच बोलला. मी "काय वाटतं" असं विचारत होते, ते त्याला फार मोठं वाटत असावं. मग विचारलं, "त्या रात्री काका देवळात नेतो म्हणाले तेव्हा तुका जाऊचा होता?"

म्हणाला, "नको होता. गाऱ्हाण्यात माझा नाव घेतल्यानी की वाडीत सगळ्यांक कळतला. मगे माका बोटीर कोण घेतलो?"

मग म्हटलं, इंजेक्शन? "ता पन नको होता. हयसर गाववाले येतत."

म्हणजे काका आणि मी ज्यावरून भांडलो त्यातलं काहीच त्याच्या मनात नव्हतं. देवाला त्याची ना नाही, घरचा नारळ तो स्वतः ठेवतो. त्याला भीती होती ती १ ऑगस्टची. बंदी ३१ जुलैला संपते, बोटी बाहेर पडणार, आणि "डोक्याचो" म्हणून नाव झालं तर त्याची जागा दुसऱ्याला. कर्जाचा एक हप्ता थकलाय, तो विचार झोपेआधी सुरू व्हायचा आणि झोपच गेली.

त्याच्या दोन मागण्या आहेत. गोळ्यांचं पाकीट रुग्णालयाच्या नावाशिवाय द्या, आणि काकांना सांगा की गाऱ्हाणं घालायचं तर घरात घाला, नाव मोठ्याने घेऊ नका. पहिली मी फार्मसीत बोलून करून घेतली, साध्या पिशवीत. दुसरीसाठी काकांना बोलावलं, आधी त्या रात्रीबद्दल माफी मागितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माका वाटला तो माका इसारलो." भावाच्या माघारी त्यांनीच त्याला वाढवलंय. घरातल्या देवापुढे नारळ ठेवला त्यांनी, त्याच्याच हाताने.

आता प्रश्न बोटीचा. डॉक्टर म्हणतात इतक्यात नको. तो म्हणतो नाही गेलो तर संपलं. इथे कोणी दर्यावर काम करणारं आहे का?

दर्यावर्दी | १७ जुलै, रात्री १०:०२

आहे. तांडेल (बोटीवरचा मुख्य) आहे, बावीस वर्षं झाली.

डॉक्टरांचं ऐका असंच म्हणेन. बोटीवर सलग झोप मिळत नाही, जाळं मारायची आणि ओढायची वेळ रात्रीचीच असते. झोपेनेच ज्याचं बिघडलं त्याला पहिल्या फेरीला नेणं म्हणजे त्याला परत तिथेच नेणं. गोळीने गुंगी असली आणि पाय घसरला तर रात्री माणूस सापडत नाही. बोट लागली, उलट्या झाल्या तर वर लिथियमचं वाचलं ते होईल ते वेगळंच.

पण काम म्हणजे फक्त बोट नाही. किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करायला, बर्फ भरायला, लिलावाला माणूस लागतो. दिवसाचं काम, रात्री घरी. माझ्या बोटीवर एकाला मी एक हंगाम असंच ठेवलं होतं, कावीळ झाली होती म्हणून. त्याची जागा गेली नाही. कावीळीला ठेवतो तर ह्यालाही ठेवता येतं.

तांडेलाला खरं सांगायचं की नाही, ते मात्र त्यानेच ठरवायचं. सगळे सारखे नसतात. सांगायचं ठरलं तर किती सांगायचं तेही त्यानेच. "झोपेचा त्रास आहे, औषध चालू आहे, रात्रीचं काम दोन महिने नको" एवढं पुरतं, आणि ते खोटंही नाही.

भरती_ओहोटी | १७ जुलै, रात्री १०:२०

दर्यावर्दी, तुमच्या बोटीवर ठेवता असा माणूस असेल तर बाकीच्या तांडेलांशीही बोला, तुमचं ऐकतील. मी सुरुवातीला दोन नोकऱ्या सोडल्या कारण रात्रपाळी नको हे सांगायची लाज वाटली. सुरंगीताई, त्याला एवढं सांगा की अकरा वर्षांनी मी कामावर जातो आणि रात्री साडेदहाला झोपतो.

रातांबा | १७ जुलै, रात्री १०:३१

रक्त तपासणीची तारीख आणि पुढची भेट भरतीच्या वेळापत्रकाशी जुळवून दे, बाय. किनाऱ्यावर काम करणारा माणूस सोमवारी अकरा वाजता म्हटलं तर येत नाही, लिलाव कधी संपतो ते विचारून वेळ दे.

सुरंगी | १७ जुलै, रात्री १०:५५

लिलावाचं डोक्यातच आलं नव्हतं. दर्यावर्दी, "झोपेचा त्रास आहे" हे तुमचं वाक्य तसंच त्याला वाचून दाखवते, आवडलं तर वापरेल. उद्या माझी दुपारपाळी आहे. चहाला विचारते.